शिंग आणि मायक्रोफोन

१९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें ध्वनिमुद्रित केलें, तेव्हां तिला एका शिंगाच्या तोंडाशीं गावें लागलें. शिंगाला बळकट आवाज तेवढाच कळे. म्हणून पाश्चात्य वाद्यवृंदांत पितळी वाद्यें मागें बसवीत, व्हायोलिनला धातूचा कर्णा जोडीत आणि डबल-बासऐवजीं पुष्कळदां ट्यूबा वाजवीत. १९२५ सालीं विद्युत्-ध्वनिमुद्रण बाजारांत आलें. मायक्रोफोनला हळुवार सूरही पुरे; परंतु जागेचा प्रश्न मिटला नाहीं. तो जवळ ठेवला तर तारेवरील बोटाची घास ऐकूं येते, दूर ठेवला तर दालनाचा घुमारा मिसळतो. यास्तव शिंगाच्या काळांतील तबकडीवर तंबोरा ऐकूं आला नाहीं, एवढ्यावरून तो बैठकींत नव्हताच असें वाचकांनीं समजूं नये. तें त्या शिंगाचें बहिरेपण असूं शकेल.