घरातील रेडॉन : हैदराबादच्या मराठी कुटुंबांसाठी माहिती

हैदराबाद ग्रॅनाइटवर वसले आहे. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या जातीच्या खडकावर उभा आहे, तोच खडक काचीगुडा, सुलतान बाजार या आपल्या जुन्या वस्त्यांखालीही आहे. पुणे-नाशिककडे जमिनीखाली काळा बसाल्ट असतो. त्याच्या तुलनेत ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अंश जास्त असतो. म्हणून हा विषय आपल्या सभासदांपुढे मांडत आहोत.

रेडॉन म्हणजे काय?
युरेनियमचे अतिशय संथ विघटन होऊन रेडियम आणि त्यापासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग, वास, चव नाही. ३.८ दिवसांत त्याचे प्रमाण निम्मे होते. मोकळ्या हवेत तो विरून जातो. घरात मात्र तो फरशीच्या भेगांतून आणि नळांभोवतीच्या फटींतून शिरतो व बंद खोलीत साठतो. त्याच्यापासून बनणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात.

धोका किती?
जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात. घरात विडी-सिगारेट ओढणारे कोणी असेल तर त्या व्यक्तीचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. मात्र हा परिणाम अनेक वर्षांच्या सहवासाचा असतो. घाबरून घर सोडण्याचे कारण नाही.

मोजमाप कसे होते?
रेडॉन ‘बेकरेल प्रति घनमीटर’ या एककात मोजतात. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. आपल्याकडे संशोधक यासाठी विशिष्ट फिल्म बसवलेली छोटी डबी वापरतात. ती साधारण तीन महिने घरात टांगून ठेवतात आणि नंतर प्रयोगशाळेत फिल्मवरील खुणा मोजतात. डबी तळमजल्यावरील झोपायच्या खोलीत लावावी. खिडकी, पंखा, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांपासून ती दूर असावी. थंडीत दारे-खिडक्या बंद असतात, त्यामुळे तेव्हाचा आकडा सहसा जास्त येतो. शेजारच्या घराच्या आकड्यावरून आपल्या घराचा अंदाज बांधू नये. भेगा आणि वायुवीजन यांनुसार भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही फरक पडतो.

आकडा कसा वाचावा?
• १०० पर्यंत : काळजी नाही.
• १०० ते ३०० : वायुवीजन वाढवावे, भेगा बुजवाव्यात.
• ३०० च्या वर : तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. फरशीखालून नळी काढून पंख्याने वायू गच्चीवर सोडता येतो.

घरच्या घरी काय करावे?
जुन्या वाड्यांत चौक आणि समोरासमोर खिडक्या असत, त्यामुळे हवा खेळती राहायची. आता वातानुकूलनासाठी खोल्या बंद असतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी, विशेषतः दिवसभर घरात असणाऱ्या आजी-आजोबांच्या खोलीत, सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात. बोअरच्या पाण्यातही रेडॉन विरघळलेला असतो. ते थेट न वापरता टाकीत साठवून, हवा लागू देऊन वापरावे. स्वयंपाकाच्या ओट्यावरील ग्रॅनाइटची भर सहसा नगण्य असते. तो काढण्याची गरज नाही.

रेडॉन नाकाला कळत नाही. मोजल्यावरच कळतो. तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी एकदा तरी मोजमाप करून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.