खंजिरीवरचा प्रचार

राजकीय प्रचारकलेचे प्रदर्शन म्हटले की चित्रेच आठवतात. १९३८च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलाल बोस यांनी रंगवलेली चित्रे त्यांत नामांकित. वऱ्हाडात मात्र ही कला कागदापेक्षा गळ्यात आणि कृतीत अधिक होती. अकोल्याजवळ दहिहंड्याला १९३० मध्ये खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ केले गेले, ते विकून पैसा करायला नव्हे, कायदा मोडलेला लोकांना दिसावा म्हणून. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर गात, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही स्वातंत्र्याची हाक कळे. भजन ही भक्ती, तिला प्रचार कसे म्हणावे, असा आक्षेप येईल. पण १९४२ मध्ये महाराजांना अटक होऊन नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. नुसत्या भक्तीला सरकार भ्यायले नसते. प्रचारकलेच्या इतिहासात खंजिरीला चित्राइतकाच मान द्यायला हवा.