दुर्गा खोटे : 'तारामती'पासून 'वागले की दुनिया'पर्यंत, पन्नास वर्षं स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली अभिनेत्री

धाराशिव : टीव्हीवर 'मुगल-ए-आझम' लागला की अकबर आणि सलीम यांच्यामध्ये उभी राहिलेली जोधाबाई सगळ्यांना दिसते. 'बॉबी'मधली गोव्याची प्रेमळ आजीही जुन्या माणसांना आठवते. या दोन्ही भूमिका करणाऱ्या बाई एकच, दुर्गा खोटे. मराठीतल्या पहिल्या बोलपटाच्या नायिका त्याच, आणि दूरदर्शनवर गाजलेली 'वागले की दुनिया' ही मालिका काढणारी कंपनीही त्यांच्याच नावाची. एवढं असूनही आजच्या पोरांना हे नाव सांगितलं तर 'शोलेतल्या कालियाची कोण?' असा प्रश्न येतो. तेही खोटं नाही. कालिया झालेले विजू खोटे आणि विनोदी अभिनेत्री शुभा खोटे हे बहीण-भाऊ दुर्गाबाईंचे पुतण्या-पुतणी. दीर नंदू खोटे यांची ही मुलं.

जन्म आणि घर

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव लाड. घराणं मूळचं गोव्याकडचं, घरात कोकणी बोलली जायची. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर, आईचं नाव मंजुळाबाई. गिरगावातल्या कांदेवाडीत मोठं एकत्र कुटुंब होतं. मुलीला कॅथेड्रल हायस्कूलमध्ये घातलं, तिथून त्या सेंट झेवियर्स कॉलेजात बी. ए.ला गेल्या. ज्या काळात आपल्या भागात मुलीला चौथीपर्यंत शिकवणारं घरही विरळ होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

कॉलेज चालू असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी लग्न झालं. सासरही खानदानी, पैसेवालं. बकुल आणि हरीन ही दोन मुलं झाली. पण पुढं सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि ऐन तारुण्यात दुर्गाबाईंना वैधव्यही आलं. माहेर भक्कम होतं, सासरी आसरा होता. तरी कुणाच्या ताटाखालचं मांजर होऊन राहायचं नाही, आपल्या मुलांचा खर्च आपण कमवायचा, हे त्यांनी ठरवलं. त्यांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत हाच एक हिशेब दिसतो.

पहिला सिनेमा आणि झालेली बदनामी

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. त्याच वर्षी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या सिनेमात दुर्गाबाईंनी एक छोटं काम केलं. सिनेमा बराचसा मूकपटच होता, बोलण्याचा भाग थोडाच. वय तेव्हा २६.

हा सिनेमा सुमार निघाला. पण गवगवा झाला तो वेगळ्याच कारणानं. लाडांची लेक आणि खोट्यांची सून सिनेमात गेली! त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या बाईकडं चांगल्या नजरेनं पाहिलं जात नव्हतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाईच मिळाली नाही. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडं नेसवून तारामती उभी केली. त्यानंतर फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, पण भल्या घरातल्या शिकलेल्या बाईनं या धंद्यात यायचं नाही हा समज काही मोडला नव्हता. दुर्गा खोटे यांच्यावर समाजातून, नात्यागोत्यातून टीका झाली. आज गावाकडची एखादी पोरगी मोबाइलवर व्हिडिओ टाकते किंवा मालिकेत चार ओळींचं काम करते, तेव्हा पारावर काय बोललं जातं ते ज्यानं ऐकलंय, त्याला १९३१ची मुंबई कशी असेल हे वेगळं सांगायला नको.

बऱ्याच जणी अशा वेळी घरी बसल्या असत्या. दुर्गाबाईंच्या नशिबानं कोल्हापूरहून बोलावणं आलं.

तारामती

कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी तेव्हा आपला पहिला बोलपट करत होती. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. सिनेमाचं नाव 'अयोध्येचा राजा'. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गायक-नट गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. तारामती म्हणून दुर्गा खोटे.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी हा सिनेमा मराठीत लागला. मराठीतला पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. हिंदीतही तोच सिनेमा वेगळा चित्रित केला होता, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा, दोन भाषांत. त्यातून तेव्हा पार्श्वगायन हा प्रकार नव्हता. ज्यानं काम करायचं त्यानंच कॅमेऱ्यासमोर गायचं आणि आवाज तिथल्या तिथं टिपला जायचा. सूर चुकला तर सगळं पहिल्यापासून. दुर्गाबाईंनी हे निभावलं.

फाळक्यांच्या वेळी जी तारामती पुरुषाला करावी लागली, ती १९ वर्षांनी कॉलेजात शिकलेल्या, दोन मुलांच्या आईनं केली. सिनेमा चालला आणि नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बरीच बंद झाली. त्यानंतर घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या इतर मुलींनाही सिनेमाचं दार थोडं उघडलं, असं सिनेमाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण मान्य करतात.

लगेच त्याच वर्षी प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. नवनाथांची पोथी ज्यांच्या घरी वाचली जाते त्यांना मच्छिंद्रनाथ आणि स्त्रीराज्याची कथा माहीत असते. त्या स्त्रीराज्याच्या राणीचं काम दुर्गाबाईंचं. या राणीजवळ सिनेमात चित्ता दाखवलाय, आणि तो खराखुरा होता.

सालगडी नको, गुत्तं परवडलं

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण दुर्गाबाईंचं खरं धाडस तिथं आहे. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारावर असत. आपल्याकडं सालगडी ठेवतात तसंच म्हणा ना. करार केला की दुसरीकडं काम करायचं नाही, मालक सांगेल ती भूमिका करायची. पगार ठरलेला असल्यानं घर चालायचं, पण हातपाय बांधलेले.

दुर्गाबाईंनी एका कंपनीला बांधून न घेता सिनेमागणिक काम घ्यायला सुरुवात केली. आपल्या भाषेत गुत्त्यानं काम. असं करणाऱ्या पहिल्या काही कलाकारांत त्यांचं नाव घेतलं जातं. प्रभातची कामं केली तशी कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' (१९३४) केला. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस. 'सीता'मध्ये राम झाले होते पृथ्वीराज कपूर. हा सिनेमा इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

गुत्त्याच्या कामात एक धोका असतो, काम संपलं की पुढचं मिळेलच याची खात्री नाही. पदरात पोरं असलेल्या बाईनं हा धोका पत्करला.

१९३६ मध्ये त्या पुन्हा प्रभातकडं आल्या, 'अमर ज्योती'साठी. प्रभात तोवर पुण्याला आली होती. यातली सौदामिनी ही बाई विसरण्यासारखी नाही. राज्याचा कायदा तिला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा देत नाही, म्हणून ती समुद्रावर जाऊन लुटारूंची म्होरकी होते आणि व्यवस्थेशी वैर घेते. ज्या काळात सिनेमातली बाई रडून पाया पडायची, त्या काळात ही बाई तलवार घेऊन जहाजावर उभी होती. हा सिनेमाही व्हेनिसला गेला होता.

निर्माती

तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, दुर्गाबाई निर्मितीत उतरल्या. 'साथी' हा त्यांचा सिनेमा, मराठीत 'सवंगडी'. भारतात त्याआधी फातमा बेगम यांच्यासारख्या एखाद-दुसऱ्या बाईनंच स्वतःची फिल्म कंपनी काढली होती. निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा, नफा-तोटा अंगावर घेणारा माणूस. तिथं बाईमाणूस दिसणं ही तेव्हा नवलाचीच गोष्ट.

मोठं निर्मितीचं काम मात्र पुढं झालं. १९५२ साली त्यांनी 'फॅक्ट फिल्म्स' ही संस्था काढली, नंतर 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' उभी केली. यातून त्यांनी माहितीपट, छोटे सिनेमे आणि जाहिराती काढल्या. मोठ्या सिनेमात पैसा लावून एका शुक्रवारी बुडण्यापेक्षा कमी भांडवलाचं, सतत मागणी असणारं काम त्यांनी धरलं. सगळं रान एका पिकाखाली घालायचं नाही, हे शेतकऱ्याला कळतं. दुर्गाबाईंनी ते धंद्यात केलं.

याच कंपनीनं १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आणली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे नवरा-बायको. गावात एखाद-दुसरा टीव्ही असायचा आणि त्याच्यापुढं सगळी आळी जमायची, त्या वेळची ही मालिका. एका भागात तेव्हा नवखा असलेला शाहरुख खानही आहे. २०२१ मध्ये सब टीव्हीवर जी नवी 'वागले की दुनिया' सुरू झाली, तिचं मूळ हे. मूळ मालिका आली तेव्हा दुर्गाबाईंचं वय ८३ होतं.

सासू, आई, आजी

१९४१ मध्ये आचार्य अत्र्यांचा 'पायाची दासी' आला. त्यात सुनेचा छळ करणारी सासू दुर्गाबाईंनी केली. सून वनमाला. वयाच्या ३६व्या वर्षी खाष्ट सासूचं काम घ्यायला आजची नटीही दहा वेळा विचार करील. पण भूमिका दमदार असेल तर वयाचा बाऊ त्यांनी केला नाही. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. या सिनेमाला आणि 'पायाची दासी'च्या हिंदी आवृत्तीला मिळून बंगालच्या सिनेपत्रकार संघटनेचे अभिनयाचे पुरस्कार त्यांना मिळाले. नायिकेची कामं संपली की बहुतेक नट्यांची कारकीर्द संपते. दुर्गाबाईंनी सासू-आईच्या कामांवर आणखी चाळीस वर्षं काढली.

नाटकही सोडलं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्यांनी आनंदीबाई केली. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट' नाटकातलं त्यांचं कामही नावाजलं गेलं.

१९६० साली 'मुगल-ए-आझम' आला. अकबर होते पृथ्वीराज कपूर. 'सीता'मधले राम-सीता २६ वर्षांनी अकबर-जोधा होऊन समोरासमोर आले. एकीकडं नवरा आणि राज्य, दुसरीकडं पोटचा मुलगा, अशी मधे चिरडलेली आई त्यांनी फार आरडाओरडा न करता, डोळ्यांतून उभी केली. 'बॉबी' (१९७३) पृथ्वीराजांचा मुलगा राज कपूर यांचा, नायक नातू ऋषी. म्हणजे कपूरांच्या तीन पिढ्यांबरोबर काम झालं. १९७४च्या 'बिदाई'मधल्या आईसाठी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'अभिमान' आणि 'कर्ज' हेही त्यांचे उतारवयातले सिनेमे. सगळे मिळून सिनेमे सुमारे २००.

घरातलं दुःख मात्र चुकलं नाही. मुलगा हरीन अकाली गेला. त्याची पत्नी विजया पुढं विजया मेहता या नावानं मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या दिग्दर्शिका झाल्या.

मानसन्मान आणि अखेर

१९५८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मश्री, आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. देविका राणी, रुबी मायर्स आणि कानन देवी यांच्यानंतर हा पुरस्कार मिळालेल्या त्या चौथ्या महिला. ज्यांनी त्यांना तारामती केलं त्या शांतारामांना तो दोन वर्षांनी, १९८५ सालचा मिळाला.

'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. शांता गोखले यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलंय. तालुक्याच्या वाचनालयात हे पुस्तक सापडलं तर जरूर वाचावं.

शेवटची वर्षं अलिबागकडं गेली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. २०१३ साली भारतीय सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा टपाल खात्यानं काढलेल्या तिकिटांत त्यांचंही तिकीट होतं.

ज्यांना त्यांचं काम बघायचंय त्यांनी सुरुवात 'मुगल-ए-आझम'पासून करावी, मग 'बिदाई' आणि 'बॉबी'. 'अयोध्येचा राजा' शेवटी बघावा. त्याची प्रत आजही शिल्लक आहे. आवाज खरखरतो, चित्र हलतं, गाणी सावकाश चालतात, त्यामुळं थोडी सबुरी ठेवावी लागते. घरात सत्तरी-ऐंशीची आजी असेल तर तिला शेजारी बसवून बघावा. हरिश्चंद्राची कथा तिला पाठ असते, कुठं काय चाललंय ते तीच सांगत जाईल.