एक दम रक्ताचा, एक दम श्वासाचा : इब्न अन-नफीस आणि श्वसनविचाराचा इतिहास

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव आहे. ते १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १९५६ मध्ये धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी रस्त्याचे नाव टिकले. विद्येच्या इतिहासात बऱ्याचदा उलट घडते. काम उरते, नाव पुसले जाते. श्वसनाच्या अभ्यासातील असे एक नाव म्हणजे इब्न अन-नफीस.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन यांचे मत असे होते की, हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. हे मत हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. दमास्कसच्या परिसरात जन्मलेल्या व कैरोत हकिमी केलेल्या इब्न अन-नफीस यांनी १२४२ मध्ये इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी गेलन आणि खुद्द इब्न सीना या दोघांचेही मत नाकारले. पडदा घट्ट आहे, त्यात दृश्य वा अदृश्य छिद्रे नाहीत. म्हणून रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. फुप्फुसातील दोन प्रकारच्या वाहिन्यांना जोडणारे मार्ग असले पाहिजेत, हेही त्यांनी सांगितले.

युरोपात हा विचार सर्व्हेटस (१५५३) व कोलंबो (१५५९) यांनी मांडला. हार्वे यांनी १६२८ मध्ये संपूर्ण शरीरातील रक्ताभिसरण सिद्ध केले. १६६१ मध्ये माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या. इब्न अन-नफीस यांचे हस्तलिखित मात्र बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होते. १९२४ मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांनी फ्रायबुर्ग विद्यापीठातील प्रबंधातून ते जगासमोर आणले.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. इब्न अन-नफीस यांना ऑक्सिजन ठाऊक नव्हता. रक्त व हवेच्या मिश्रणातून ‘रूह’ तयार होते, असे ते मानीत. युरोपीयांनी त्यांचे लेखन वाचले होते की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आजच्या ज्ञानानुसार रक्त व हवा थेट मिसळत नाहीत. सुमारे ४८ कोटी वायुकोशांच्या अतिपातळ भित्तिकेतून वायूंचे विसरण होते. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर पारा, तर येणाऱ्या रक्तात ४० असतो. म्हणून ऑक्सिजन रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात अधिक असल्याने तो उलट दिशेने बाहेर पडतो.

अरबीत ‘दम’ म्हणजे रक्त, फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. दोन्ही शब्दांचे लेखन सारखेच. मराठीने फारसी दम घेतला. दमछाक, बेदम, दमा हे शब्द त्याच घरचे. रक्त आणि श्वास यांची खरी गाठ फुप्फुसात पडते, हे वर्गात सांगायला याहून सोपा दाखला नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना ‘सारे काही आपल्याकडे आधीच होते’ असे शिकवणे जितके चूक, तितकेच हे नाव गाळणेही चूक. आदरणीय गुरूचेही म्हणणे तपासून पाहण्याची इब्न अन-नफीस यांची हिंमत, हाच त्यांचा खरा वारसा होय. तो वर्गापर्यंत पोहोचवणे हे शिक्षकांचे काम आहे.