सब्जा आणि बेसिल : एका वनस्पतीची दोन घरे

चेन्नईत उन्हाळा चढू लागला की नन्नारी सरबताला मागणी येते. नन्नारी म्हणजे मराठीतील अनंतमूळ. या सरबतात भिजवून फुगवलेला सब्जा घालण्याची तेथे रीत आहे. त्याच शहरातील उपाहारगृहांत पिझ्झावर येणारी हिरवी सुगंधी पाने मात्र ‘बेसिल’ म्हणून ओळखली जातात आणि परदेशी समजली जातात. वस्तुतः ही दोन्ही एकाच जातीची देणी होत. लिनियसने 1753 मध्ये त्या जातीला ‘ऑसिमम बॅसिलिकम’ असे नाव दिले. त्यातील दुसरा शब्द ‘राजस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे.

तमिळ भाषेत हिला ‘तिरुनीट्रुप्पच्चिलै’ म्हणतात. तिरुनीरु म्हणजे पवित्र भस्म, पच्चिलै म्हणजे हिरवे पान. नाव पानाचे असूनही खाद्यपरंपरेत मुख्यतः शिरले ते बी.

मद्रास इलाख्यातील वनस्पतींची सविस्तर नोंद करणारा ग्रंथ जे. एस. गॅम्बल यांनी 1915 पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला; सी. ई. सी. फिशर यांनी तो 1936 मध्ये पूर्ण केला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तुळस आणि सब्जा एकाच ‘ऑसिमम’ प्रजातीतल्या बहिणी.

बी आणि पान यांचे गुण मात्र भिन्न आहेत. बियांच्या बाह्य थरातील शर्करायुक्त द्रव्ये पाणी शोषून बुळबुळीत आवरण निर्माण करतात. चव जवळजवळ नसतेच. सुगंध साठतो तो पानांवरील सूक्ष्म तैलग्रंथींत. लिनालूल, मिथाइल चॅव्हिकॉल यांसारखी ही बाष्पशील द्रव्ये उष्णतेने उडून जातात. म्हणूनच पाने पदार्थ शिजून झाल्यावर शेवटी घालावयाची असतात. तुळशीला तिचा तिखटसर गंध देणारे युजेनॉल हे लवंगेतही असते.

बंगालच्या उपसागरापलीकडे, थायलंडमध्ये, चित्र वेगळे आहे. तेथे सब्ज्याच्या जातीचे पान ‘होरपा’ म्हणून आमटीत पडते आणि तुळस ‘कप्राव’ या नावाने मांसाबरोबर परतली जाते. वनस्पती त्याच, एका किनाऱ्यावर एक वृंदावनात पुजली जाते, दुसऱ्या किनाऱ्यावर तीच कढईत परतली जाते.

कोणते पान देव्हाऱ्यात जावे आणि कोणते ताटात, हे रसायनशास्त्र ठरवीत नाही, समाज ठरवितो. तो निर्णय आदरास पात्र आहे. परंतु अंगणातील झुडूप आणि बाजारातून महागात आणलेली जुडी एकाच जातीची आहे, एवढी ओळख तरी हरवू नये. ती हरवली, तर आपल्याच वनस्पतीला आपण परकी समजू.