छायाचित्राचा परवाना आणि सर्व्हरची जागा : अमेरिकेतील प्रौढ संकेतस्थळांच्या प्रारंभकाळाचा एक अभ्यास

प्रस्तावना

इंटरनेटच्या इतिहासात विद्यापीठांचा, संरक्षण खात्याचा आणि मोठ्या संगणक कंपन्यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. ज्या व्यवसायाचे नाव सभ्य समाजात मोकळेपणाने घेतले जात नाही, त्याचा उल्लेख मात्र बहुधा टाळला जातो. तथापि, दुसऱ्याने लिहिलेला अथवा टाकलेला मजकूर आपल्या यंत्रावर साठवणाऱ्याची जबाबदारी किती, या प्रश्नाचे अमेरिकेतील उत्तर घडले ते बऱ्याच अंशी प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांविषयीच्या खटल्यांतून. पुढे जगभरच्या सर्वच संकेतस्थळांना या उत्तराचा स्पर्श झाला.

१९९० च्या दशकात असे पहिले संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्यापुढे दोन व्यावहारिक प्रश्न असत. चित्रे आणि मजकूर कोणाच्या सर्व्हरवर ठेवायचा, हा पहिला प्रश्न. आणि ती चित्रे वापरण्याचा हक्क कोणाकडून मिळवायचा, हा दुसरा. चित्रातील व्यक्तीचा स्वतःच्या चित्रावर अधिकार कोणता, हा तिसरा प्रश्न व्यवहारात क्वचितच विचारला गेला. पहिल्या दोन प्रश्नांना कायद्याने कशी उत्तरे दिली आणि तिसरा प्रश्न दीर्घकाळ का मागे राहिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बुलेटिन बोर्डांचा काळ

वर्ल्ड वाइड वेब सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी अमेरिकेत बुलेटिन बोर्ड ही व्यवस्था लोकप्रिय होती. एखाद्या खासगी संगणकाला टेलिफोनच्या तारा जोडलेल्या असत. सभासद मोडेमच्या साहाय्याने त्या संगणकाशी संपर्क साधून चित्रे उतरवून घेत आणि स्वतःजवळची चित्रे तेथे ठेवीत. छापील मासिकातील चित्र स्कॅन करून अशा ठिकाणी टाकणे अत्यंत सोपे होते.

१९९३ साली फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने ‘प्लेबॉय एंटरप्रायझेस विरुद्ध फ्रेना’ या खटल्याचा निकाल दिला. जॉर्ज फ्रेना याच्या बुलेटिन बोर्डावर प्लेबॉयच्या स्वामित्वहक्कातील १७० छायाचित्रे आढळली होती. ती सभासदांनी टाकली असून समजताच आपण काढून टाकली, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. स्वामित्वहक्काच्या भंगासाठी हेतू किंवा जाणीव सिद्ध होण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाचे मत पडले. १९९७ मध्ये ओहायोतील ‘प्लेबॉय विरुद्ध हार्डनबर्ग’ या खटल्यात हाच विचार थोड्या वेगळ्या मार्गाने पुढे गेला. तेथे चित्रे टाकणाऱ्या सभासदांना सवलत दिली जात होती आणि आलेली चित्रे कर्मचारी तपासून मगच खुली करीत. न्यायालयाच्या दृष्टीने चालकाचा हा सक्रिय सहभाग त्याला जबाबदार धरण्यास पुरेसा ठरला.

त्याच वर्षी टेक्सासमध्ये ‘प्लेबॉय विरुद्ध वेबवर्ल्ड’ हा खटला निकालात निघाला. वेबवर्ल्डचे संगणक न्यूजग्रुपांतील मजकूर वगळून केवळ चित्रे आपोआप गोळा करीत आणि दरमहा शुल्क घेऊन सभासदांना दाखवीत. आपण केवळ वाहक आहोत, हा कंपनीचा युक्तिवाद टिकला नाही. निवडून, मांडून आणि पैसे घेऊन चित्रे देणारा हा वाहक नसून दुकानदार आहे, असा या निकालाचा आशय होता. इंटरनेटवर सहज सापडलेले चित्र म्हणजे बिनमालकीचे चित्र नव्हे, हे या तीन निकालांनी व्यावसायिकांच्या मनावर ठसवले.

परवान्याचा बाजार

परिणामी रीतसर परवान्यावर चित्रे विकणाऱ्यांचा एक बाजार उभा राहिला. छायाचित्रकार किंवा निर्मितीसंस्था चित्रांचे संच सीडीवर, पुढे थेट इंटरनेटवरून, संकेतस्थळांच्या मालकांना देत. हा व्यवहार चित्रांच्या मालकीचा नसून वापराच्या परवानगीचा असे. तो वापर अनन्य आहे की सामाईक, किती संकेतस्थळांपुरता आहे, मुदत किती, चित्रे इतरांना जाहिरातीसाठी देता येतील काय, या अटींवर किंमत अवलंबून असे. सामाईक परवाना स्वस्त पडे. परंतु तेच चित्र इतर असंख्य ठिकाणी दिसत असल्याने ग्राहकाला त्याचे आकर्षण कमी राही.

या व्यवहाराच्या मुळाशी अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याचे एक तत्त्व होते. छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार, अथवा नोकरीच्या नात्याने काम असल्यास त्याचा मालक, असे कायदा मानतो. चित्रातील व्यक्ती ही कर्ता नव्हे. ती एकदा मोबदला घेऊन संमतिपत्रावर सही करी. त्यानंतर ते चित्र किती वेळा आणि कोणाकोणाला विकले जावे, यात तिला सामान्यतः वाटा नसे आणि शब्दही नसे. या रीतीला अपवादही होते. डॅनी ॲश या कलावतीने १९९५ मध्ये संकेतस्थळ बनविण्याची भाषा स्वतः शिकून आपले संकेतस्थळ सुरू केले. चित्रातील व्यक्ती आणि व्यवसायाची मालक एकच असण्याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु अशी उदाहरणे बाजाराचा नियम बनली नाहीत.

परवान्यासोबत आणखी एक कागद महत्त्वाचा ठरला. चित्रातील प्रत्येक व्यक्ती सज्ञान असल्याची ओळखपत्रावरून खात्री करून नोंदी ठेवण्याचे बंधन १९८८ च्या संघीय कायद्याने निर्मात्यांवर घातले होते. अल्पवयीन मुलांच्या शोषणाला आळा घालणे हा त्यामागील हेतू होता आणि त्याची गरज निर्विवाद होती. वाद होता तो, चित्रे केवळ विकत घेणाऱ्या संकेतस्थळानेही या नोंदी ठेवाव्यात काय, याविषयी. १९९८ मध्ये दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, कायद्याच्या शब्दांत असे बंधन नाही, असा निर्णय दिला. २००५ मध्ये न्याय खात्याने नव्या नियमांद्वारे हे बंधन पुन्हा आणले आणि २००६ मध्ये काँग्रेसने मूळ कायद्यातच दुरुस्ती केली. यातून एक विसंगती उद्भवली. चित्रासोबत कलावतीच्या ओळखपत्राची प्रतही हातोहात फिरू लागली, तर तिचे खरे नाव आणि पत्ता तिने कधी न पाहिलेल्या व्यापाऱ्यांकडे जाणार, असा आक्षेप व्यवसायातून घेतला गेला. तिच्या रक्षणासाठी झालेली नोंदच तिला उघडी पाडण्याची शक्यता निर्माण झाली.

सर्व्हरची जागा

दुसरी निवड होती सर्व्हरची, म्हणजेच वेब होस्टिंगची. अनेक सर्वसाधारण सेवादात्यांच्या करारात प्रौढ आशयाला मनाई असे. जे परवानगी देत त्यांच्याकडे इतरांसोबत सामाईक यंत्रावर जागा घेणे, स्वतंत्र यंत्र भाड्याने घेणे, अथवा स्वतःचे यंत्र त्यांच्या केंद्रात ठेवणे असे पर्याय असत. त्या काळी टी-वन ही जोडणी भरवशाची मानली जाई. तिची क्षमता सेकंदाला १.५४४ मेगाबिट होती. ५० किलोबाइटचे एक चित्र धरल्यास अशा जोडणीतून सेकंदाला चार चित्रेही पूर्ण जात नसत. शुल्क वाहतुकीच्या प्रमाणात आकारले गेल्यास प्रेक्षकांची गर्दी हीच आपत्ती ठरे. कारण फुकट पाहणाऱ्यांचा खर्च आधी येई आणि वर्गणीदारांचे उत्पन्न मागाहून. त्यात एखाद्याने आपल्या पानावर दुसऱ्याच्या सर्व्हरवरील चित्र थेट जोडले, तर चित्र एकाचे, प्रेक्षक दुसऱ्याचे आणि बिल पुन्हा पहिल्याचेच, असा प्रकार घडे. या अडचणींतून केवळ प्रौढ संकेतस्थळांना सेवा देणाऱ्या होस्टिंग कंपन्या निर्माण झाल्या.

सर्व्हरची जागा हा कायद्याचाही प्रश्न होता. १९७३ च्या ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या निकालाने अश्लीलतेच्या कसोटीत स्थानिक समाजाच्या मापदंडांना स्थान दिले होते. रॉबर्ट आणि कार्लीन थॉमस हे दांपत्य कॅलिफोर्नियातून बुलेटिन बोर्ड चालवीत असे. त्यांच्यावरील खटला मात्र टेनेसीतील मेम्फिस येथे चालला, कारण तेथे चित्रे उतरवून घेतली गेली होती. १९९४ मध्ये ते दोषी ठरले आणि १९९६ मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. यंत्र उदार प्रांतात ठेवले म्हणून मालकाला त्या प्रांताचे संरक्षण मिळतेच असे नाही, हा या निकालाचा धडा होता.

यंत्र पुरविणाऱ्या कंपनीची स्थिती मात्र उत्तरोत्तर सुरक्षित होत गेली. १९९६ च्या कायद्यातील अशोभनीय आशयाविरुद्धची प्रमुख कलमे सर्वोच्च न्यायालयाने २६ जून १९९७ रोजी ‘रेनो विरुद्ध एसीएलयू’ या खटल्यात रद्द ठरविली. त्याच कायद्यातील कलम २३० मात्र टिकले. इतरांच्या मजकुराबद्दल मध्यस्थाला प्रकाशक मानू नये, असे हे कलम सांगते. स्वामित्वहक्क त्यातून वगळलेला होता. ती उणीव १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने भरून काढली. हक्कधारकाची सूचना येताच होस्टने मजकूर त्वरेने काढावा, वारंवार भंग करणाऱ्यांची सेवा बंद करावी आणि त्या बदल्यात नुकसानभरपाईच्या दायित्वातून मुक्त राहावे, अशी ही व्यवस्था होती.

या संरक्षणाची व्याप्ती २००७ च्या ‘परफेक्ट टेन विरुद्ध सीसीबिल’ या निकालात स्पष्ट झाली. त्यात सीडब्ल्यूआयई ही होस्टिंग कंपनीही प्रतिवादी होती. तिच्या काही ग्राहकांच्या संकेतस्थळांच्या नावांतच ‘बेकायदेशीर’ आणि ‘चोरलेली’ या अर्थाचे शब्द होते. असे नाव म्हणजे भंगाची उघड खूण नव्हे. ते केवळ ग्राहकाला भुलविण्यासाठीही असू शकेल, आणि तपासाचा भार होस्टवर टाकता येणार नाही, असे नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने म्हटले. फ्रेनापासून सीसीबिलपर्यंतच्या १४ वर्षांत नकळत भंग करणाराही दोषी, येथपासून रीतसर सूचना मिळेपर्यंत होस्ट निर्दोष, येथपर्यंत कायद्याचा प्रवास झाला.

मागे राहिलेला प्रश्न

या संपूर्ण प्रवासातील पक्षकार पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. वादी बहुधा मासिक किंवा स्वामित्वहक्काची धारक कंपनी. प्रतिवादी संकेतस्थळाचा चालक, होस्ट किंवा पैसे वसूल करणारी संस्था. ज्या स्त्रियांची ती चित्रे होती, त्या या वादाच्या केंद्रस्थानी आल्या नाहीत. सूचना पाठवून चित्र उतरविण्याचा अधिकार चित्राच्या मालकाला मिळाला. चित्रातील व्यक्तीला मिळाला नाही.

परवान्याची साखळी शाबूत होती तोवर या उणिवेची धार कमी भासली. कारण निदान एक सही, एक ओळखपत्र आणि एक उत्तरदायी विक्रेता कोठेतरी असे. २००६-०७ च्या सुमारास कोणीही चित्रफीत टाकावी अशी मोफत संकेतस्थळे आली आणि ही साखळी तुटली. इतरांचा मजकूर निवड न करता केवळ साठवणाऱ्याला २००६ च्या दुरुस्तीने वयाच्या नोंदीच्या बंधनातूनही सूट दिली होती. स्वतः काढलेल्या छायाचित्राबाबत पीडित व्यक्ती स्वामित्वहक्काचा आधार घेऊ शके. दुसऱ्याने, तेही विश्वासघाताने, काढलेल्या चित्राबाबत तो मार्गही बंद होता. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी पॉर्नहब या संकेतस्थळाची देयके थांबविली आणि त्या संकेतस्थळाने ओळख न पटलेल्या सदस्यांच्या चित्रफिती हटविल्या. जे कायद्याने साधले नव्हते ते पैशाच्या वाटेने घडले.

१९ मे २०२५ रोजी अमेरिकेत ‘टेक इट डाऊन’ कायद्यावर स्वाक्षरी झाली. संमतीविना प्रसारित झालेले खासगी चित्र संबंधित व्यक्तीच्या मागणीनंतर ४८ तासांत हटविण्याचे बंधन त्याने घातले आणि व्यवस्था उभारण्यास वर्षाची मुदत दिली. भारताचा मार्ग वेगळा होता. येथे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७ ने अश्लील मजकुराचे प्रकाशनच दंडनीय ठरविले, त्यामुळे परवान्याच्या अशा बाजाराला येथे वैध स्थान नव्हते. परंतु संमतीचा प्रश्न येथेही उशिराच आला : २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ई घातले आणि २०२१ च्या नियमांनी व्यक्तीच्या तक्रारीवरून असे चित्र हटविण्यास २४ तासांची मुदत ठरविली.

समारोप

मजकूर त्वरेने हटविण्याच्या अधिकाराचा दुरुपयोग होऊन वैध अभिव्यक्तीही दडपली जाऊ शकते, हा अभ्यासकांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्वामित्वहक्काच्या सूचनांबाबत तो अनुभव आलेलाही आहे. तथापि, या आक्षेपाने १९९८ मध्ये मालमत्तेच्या रक्षणाची व्यवस्था अडली नाही, हेही तितकेच खरे. चित्राच्या मालकाला जे साधन १९९८ मध्ये मिळाले, तशाच स्वरूपाचे साधन अमेरिकी संघीय कायद्यात चित्रातील व्यक्तीला मिळण्यास आणखी २७ वर्षे लागली. तांत्रिक अडचण हे या विलंबाचे कारण म्हणता येत नाही, कारण सूचना घेऊन चित्र उतरविण्याची यंत्रणा तोवर प्रत्येक होस्टकडे तयार होती. कायद्यापुढे चित्राचा मालक होता, चित्राचा विक्रेता होता आणि चित्र ठेवणाराही होता. चित्रातील व्यक्तीची मात्र पक्षकार म्हणून गणना झालेली नव्हती.