तिसरा कोन

शाळेतल्या भूमितीत त्रिकोणाचा तिसरा कोन मोजावा लागत नाही. दोन कोन दिलेले असले की त्यांची बेरीज १८० अंशांतून वजा करायची, उत्तर आयते मिळते. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने सुरू केलेल्या आणि १८१८ पासून ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मोजणीत मात्र हा आयता मिळणारा कोनही टेकडीवर यंत्र चढवून, पुन्हा पुन्हा रोखून मोजला जाई. त्या मोजणीच्या इतिहासात अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोनमापक यंत्र, हिवतापाने मेलेले मदतनीस खलाशी आणि साहेबांची जिद्द यांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. तो सगळा तपशील खराच आहे. पण या कामाला विश्वासार्हता दिली ती गणिताने काढता येणारी गोष्टही मोजून पाहण्याच्या शिस्तीने, असे माझे मत आहे.

ही शिस्त का लागली, ते कामाच्या पद्धतीतच दडलेले आहे. लॅम्बटनने सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीचे तापमानही नोंदले. त्यानंतर मुलूख तुडवत अंतरे मोजण्याची गरज उरली नाही. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू ‘ज्या’च्या (साइनच्या) गणिताने निघतात आणि निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. पण अशाने पहिल्या त्रिकोणातली चूक शेवटच्यापर्यंत वाहत जाते. त्रिकोणाच्या आकारावरही बरेच अवलंबून असते. ज्ञात बाजूसमोरचा कोन ६० अंशांचा असेल, तर तो मोजताना एका सेकंदाची (अंशाच्या अगदी बारीक भागाची) चूक ५० किलोमीटरच्या बाजूत सुमारे १४ सेंटिमीटरचा फरक पाडते. तोच कोन १० अंशांचा असेल तर फरक जवळजवळ १ मीटर ३७ सेंटिमीटर होतो. म्हणून मोजणीदार शक्यतो समभुज त्रिकोणाच्या जवळ जाणारे आकार शोधत. आणि तिन्ही कोन मोजून बेरीज पाहत, कारण चूक शिरली असेल तर ती तिथेच, त्या त्रिकोणातच पकडता येई.

या बेरजेत एक सुंदर गुंतागुंत आहे. बरोबर मोजलेल्या कोनांची बेरीज १८० अंश येताच कामा नये! पृथ्वी गोल असल्याने ती थोडी जास्त यायला हवी: त्रिकोणाच्या क्षेत्रफळात दर सुमारे १९७ चौरस किलोमीटरमागे एक सेकंद. ५० किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात हा जादा भाग साडेपाच सेकंदांच्या आसपास येतो. फ्रेंच गणिती लजांद्रने १८व्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की हा जादा भाग तिन्ही कोनांतून सारखा वाटून वजा केला, की पुढचे गणित सपाट त्रिकोणासारखे करता येते. म्हणजे शाळेतला नियम मोडीत निघाला नाही. तो कुठवर आणि किती दुरुस्ती करून चालतो, हे नेमके कळले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एका कोनात दोन सेकंद जास्त आणि दुसऱ्यात दोन कमी पडले, तर बेरीज बिनचूक दिसेल. शिवाय साखळीच मुळात चुकीची असेल तर सगळे त्रिकोण एकाच प्रमाणात लहानमोठे होतील आणि कोनांना त्याचा पत्ताही लागणार नाही. हे खरे आहे, आणि मोजणीदारांनाही ते ठाऊक होते. पहिल्यावर उपाय म्हणून एकच कोन यंत्राच्या चकतीच्या वेगवेगळ्या भागांवर मोजला जाई. दुसऱ्यासाठी दूरवर नवी पायारेषा मोजून ती गणिताने आलेल्या लांबीशी ताडली जाई. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. त्याने सिरोंज येथे साखळीने मोजलेली पायारेषा १८३७-३८ मध्ये लोखंड व पितळेच्या जोडपट्ट्यांनी पुन्हा मोजवली. दोन धातूंच्या कमीजास्त प्रसरणाचा मेळ घालून या पट्ट्या आपली लांबी कायम राखत. मग सुमारे सातशे किलोमीटर दूरच्या डेहराडूनची पायारेषा गणितात आणि प्रत्यक्षात काही इंचांच्या फरकाने जुळली. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना मोठे थिओडोलाइट आपटून बिघडले होते, तरी ते दुरुस्त करून काम पुढे चालू राहिले. अशा यंत्रावर विसंबता आले, ते त्याच्या प्रत्येक निकालाला दुसरा साक्षीदार होता म्हणूनच.

या मोजणीमागचे गणित इंग्रजांबरोबरच आले, असेही म्हणता येत नाही. युक्लिडचा ग्रंथ जगन्नाथ सम्राटाने सवाई जयसिंहाच्या आश्रयाने ‘रेखागणित’ नावाने संस्कृतात आणला होता, लॅम्बटनच्या कितीतरी आधी. आणि ज्या-कोष्टके आर्यभटापासून होती. नव्हती ती शेकडो माणसे, पैसा आणि सत्ता एका कामावर दशकानुदशके लावणारी व्यवस्था. ती व्यवस्था कंपनी सरकारची होती, तिला सैन्य हलवायचे होते आणि मुलूख ताब्यात ठेवायचा होता. या हेतूला पांघरूण घालण्याचे कारण नाही. मात्र हेतू सत्तेचा असला म्हणून बेरजेची तपासणी खोटी ठरत नाही.

या शिस्तीची खरी परीक्षा हिमालयात झाली. नेपाळ बंद होता. शिखर क्रमांक पंधरावर, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टवर, यंत्र नेऊन तिसरा कोन मोजणे अशक्य. मग १८४९-५० मध्ये जेम्स निकोल्सनने उत्तर बिहारच्या मैदानातल्या सहा ठाण्यांवरून, १७० किलोमीटरहून अधिक अंतरावरून, त्याच शिखरावर दुर्बीण रोखली. एका कोनाची उणीव जादा ठाण्यांनी भरून काढायची होती. हवेतून प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती करण्यात राधानाथ सिकदार आणि इतर गणकांची वर्षे गेली. श्रेय कुणा एकाला द्यावे का, हा वाद अजून मिटलेला नाही. सहा ठाण्यांवरून सहा उंच्या आल्या, सर्वांत कमी सुमारे २८,९९० फूट आणि सर्वांत जास्त सुमारे २९,०२६. त्यांची सरासरी, २९,००२ फूट, १८५६ मध्ये जाहीर झाली. आजच्या मान्य उंचीपेक्षा ती सुमारे तीस फुटांनी कमी आहे.